अठ्ठेचाळीस टॉवेल आणि एक जास्तीचा 'ई'

सोलापुरात टॉवेल आणि चादरींची डिझाइन करून देण्याचे माझे काम स्वतंत्र आहे. म्हणजे कुठल्याही कारखान्याच्या हजेरीपटावर माझे नाव नाही आणि साखर पेठेतल्या घराची माडी हेच माझे कार्यालय. नऊ वर्षे हे काम मी केवळ स्मरणशक्तीच्या भरवशावर रेटले. कोणाची फाइल कुठे आहे, कोणाकडून किती येणे आहे, हे सारे आपल्याला तोंडपाठ आहे असा माझा समज होता आणि चारचौघांत मी तो मिरवतही असे. मार्चमधल्या एका सकाळी अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतून फोन आला आणि तो समज तिथेच संपला.

"मॅडम, जरा येऊन जावा ओ," एवढेच कारखानदार म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच मला जास्त धास्ती वाटली.

काम एका हॉटेलचे होते. आंघोळीच्या टॉवेलवर मधोमध हॉटेलचे नाव विणायचे होते. हॉटेलमालकांनी अंकशास्त्र पाहणाऱ्या कोणाच्या तरी सल्ल्यावरून नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधला एक 'ई' ऐनवेळी कमी केला होता आणि तो बदल मी वेळेत करूनही ठेवला होता. मात्र माझ्या संगणकावर 'फायनल', 'फायनल-नवे', 'फायनल-बरोबर' आणि 'फायनल-बरोबर-२' अशा चार फाइली शेजारीशेजारी नांदत होत्या, आणि आदल्या रात्री दुसऱ्याच एका चादरीच्या किनारीवर काम करता करता मी त्यांतली जुनी फाइल पाठवून मोकळी झाले. सकाळी आठच्या पाळीला ती मागावर चढली. मी पोहोचले तेव्हा बारा वाजून गेले होते आणि चार डझन टॉवेल विणून झाले होते. चूक पकडली ती शिलाईला बसलेल्या एका बाईंनी. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हते, पण नमुन्याचा कागद आणि टॉवेल मांडीवर शेजारीशेजारी धरून त्यांनी अक्षरे मोजली होती.

दुरंगी जकार्ड, म्हणजे विणतानाच नक्षी उमटवलेल्या, टॉवेलमध्ये समोरच्या बाजूला ज्या जागी एका रंगाचे लूप वर येतात, त्याच जागी मागच्या बाजूला दुसऱ्या रंगाचे येतात. मी गोंधळून टॉवेल उलटा करून पाहिला, तर तो जास्तीचा 'ई' तिथेही होता, फक्त आरशात दिसावा तसा उलटा.

कारखानदार हिशेब करायला आत गेले, तेव्हा तिथल्या वयस्कर जॉबर काकांनी, म्हणजे माग लावून देणाऱ्या कारागिरांनी, मला कोपऱ्यातल्या लाकडी माळ्याकडे बोट दाखवले. वर पुठ्ठ्याच्या जुन्या जकार्ड कार्डांचे गठ्ठे होते. डिझाइन पेन ड्राइव्हवरून चढू लागण्यापूर्वी प्रत्येक आडव्या धाग्यासाठी भोके पाडलेले एक कार्ड लागत असे, आणि अशी शेकडो कार्डे दोरीने क्रमाने ओवलेली असत. प्रत्येक कार्डावर शाईने आकडा घातलेला होता आणि गठ्ठ्याला पार्टीच्या नावाची चिठ्ठी बांधलेली होती. "एक कार्ड मागं-पुढं झालं की डिझाइन गेलंच ओ ताई," काका म्हणाले. "आणि बदललेल्या डिझाइनचा जुना गठ्ठा मागापाशी ठेवायचाच नाही. लगेच माळ्यावर टाकायचा."

आकड्यांचे मला सुचलेही असते. माळ्याचे सुचले नसते. मी जुन्या फाइली जपून ठेवत होते, ते ठीकच होते, पण त्या मागापाशीच ठेवत होते.

टॉवेल 'सेकंड'च्या भावात गेले आणि सुताच्या नुकसानीतला निम्मा वाटा माझ्या बिलातून वळता झाला. कारखानदारांनी सगळा वाटा मागितला असता, तरी मी मान खाली घालून दिला असता.

त्याच संध्याकाळी नवी पेठेतून एक लांबट रजिस्टर आणले. प्रत्येक कामाला एक क्रमांक दिला. तोच क्रमांक फाइलीला, तोच मंजुरीच्या सही केलेल्या छापील नमुन्याला आणि तोच बिलाला. मंजुरी आली की त्या कामाच्या फोल्डरमध्ये एकच फाइल राहते आणि बाकीच्या 'माळा' नावाच्या फोल्डरमध्ये जातात. कारखान्याला फाइल पाठवायची ती रजिस्टर उघडे ठेवूनच. मागचे वर्ष त्यात उतरवताना दोन कामांची बिले मी केलीच नव्हती असे निघाले. एका पार्टीने माझ्या पैशांतून १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापायचा प्राप्तिकर, कापला होता, पण आपल्या नावावर जमा झालेला कर दाखवणाऱ्या फॉर्म २६एएसमध्ये तो दिसत नव्हता. पाठपुरावा केल्यावर तो भरला गेला. माझी उद्यम नोंदणी आहे आणि लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, हे मला ऐकून माहीत होते; परंतु दिवस मोजायचे तर काम पोहोचवल्याची तारीख लिहिलेली हवी, आणि ती माझ्याकडे एकाही कामाची नव्हती.

रजिस्टर सुरू करणे सोपे गेले, चालू ठेवणे नाही. पुढच्या जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला घरी पाहुणे आले आणि सलग अकरा दिवस एक ओळही लिहिली गेली नाही. नंतर आठवून आठवून त्या नोंदी भरताना दोन तारखा अंदाजाने घातल्या, आणि त्या मला अजून खुपतात. तेव्हापासून दिवेलागणीला, संगणक बंद करण्याआधी, दहा मिनिटे रजिस्टरपाशी बसते. पाहुणे असले तर त्यांच्यादेखत बसते.

खर्चाच्या पावत्या मात्र अजूनही बिस्किटांच्या जुन्या डब्यातच आहेत, आणि तो डबा आता बंद होत नाही.