पाथरवट ड्वार्फ

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून पात्र रंगवण्याच्या खेळासाठी ड्वार्फ (ठेंगण्या, दणकट काल्पनिक वंशातले पात्र) घडवायला बसलेल्या खेळाडूच्या कागदावर पहिल्या पाच मिनिटांत दाढी, कुऱ्हाड आणि तापट स्वभाव उमटतो, आणि बहुतेक वेळा पात्र तिथेच संपते. ही सवय जुनी आहे. १९७४च्या मूळ नियमांत ड्वार्फला योद्ध्यावाचून दुसरा पेशाच नव्हता. माझे पहिले दोन ड्वार्फ असेच होते आणि आज मला त्यांची नावेही आठवत नाहीत. तिसऱ्या वेळी मी आधी व्यवसाय ठरवला, तो पाथरवटाचा. (मराठीत 'बुटका' म्हटले की केवळ उंची डोळ्यांपुढे येते, म्हणून मी ड्वार्फच म्हणतो.)

आम्ही २०१४चे नियम वापरतो. त्यांत ड्वार्फला लोहार, मद्य गाळणारा किंवा गवंडी यांपैकी एकाची अवजारे निवडता येतात आणि दगडी बांधकामाचा इतिहास ओळखण्याचे खास कसबही मिळते. २०२४च्या आवृत्तीत या कसबाचे रूपांतर दगडातून येणारी कंपने जाणण्याच्या शक्तीत झाले. लढाईत ती अधिक उपयोगी पडत असेल, परंतु जुन्या नियमात पात्राला गतकाळ होता, म्हणून मला तोच आवडतो.

ब्रोमर हा डोंगरउतारावरचा ड्वार्फ, वय १४०, व्यवसायाने पाथरवट, पण नियमांतल्या पेशाने पुजारी. पात्राच्या सहा गुणांना वाटायच्या १५, १४, १३, १२, १०, ८ या ठरीव आकड्यांपैकी १५ प्रज्ञेला आणि १४ काटकपणाला दिले. वंशामुळे दोन्ही १६ झाले आणि पहिल्याच पातळीवर १२ जीवनगुण (किती मार सोसता येतो त्याचा आकडा) मिळाले. जड चिलखताने ड्वार्फची चाल मंदावत नसल्यामुळे ताकदीला ८ देऊन भागले असते. मात्र दिवसभर दगड फोडणारा माणूस दुबळा कसा दाखवायचा? म्हणून ताकदीला १३, बुद्धीला १२, चपळाईला १० दिले आणि उरलेले ८ व्यक्तिमत्त्वाच्या वाट्याला गेले. त्या आठाचा अर्थ मी असा लावला की ब्रोमरला कोणतेही बांधकाम पाहून गप्प बसता येत नाही.

तिसऱ्याच बैठकीत आमची टोळी एका दगडी पुलापाशी पोहोचली. हा पूल कोणी बांधला, असे मी विचारले, वीस बाजूंचा फासा टाकला आणि १७ पडले. त्यात बुद्धीच्या १२मुळे मिळणारा १ आणि दगडी बांधकामाच्या कसबाने दुप्पट झालेल्या प्रावीण्याचे ४ मिळवून २२ झाले. खेळ चालवणाऱ्या मित्राने काहीच तयारी केली नव्हती. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "तूच सांग." ब्रोमरने कमानीच्या माथ्यावरचा दगड हातोडीने ठोकून पाहिला, तो आपल्याच गुरूने घाईत बसवल्याचे ओळखले, आणि पुलावर जकात घेणाऱ्या पहारेकऱ्याला त्यातले सगळे दोष एकेक करून ऐकवले. मग त्याची समजूत काढण्यासाठी टाकलेल्या फाशावर ४ पडले, त्यातून व्यक्तिमत्त्वाच्या ८मुळे १ वजा झाला, आणि आम्हा चौघांना दुप्पट जकात भरावी लागली.