तुम्ही विचारलंत म्हणून : टायरच्या रॅकवरचा फोटो

गॅरेजमध्ये टायरच्या रॅकवर जो फोटो लावलाय, फॉर्म्युला वनच्या विल्यम्स टीमच्या पांढऱ्या-हिरव्या गाडीतला, २ नंबरची गाडी, तो कोणाचा हे आता सगळ्यांना पाठ झालंय. कार्लोस रॉयटेमान, अर्जेंटिनाचा. तुमचा प्रश्न वेगळाच असतो. सांगलीत राहून, दोनदोन पूर बघून, तुम्ही ह्या माणसाचा फोटो ठेवताच कसा? आमच्या पुतण्यानं २०१९ नंतर गुगल करून ह्याच्या गव्हर्नरकीतल्या पुराचं प्रकरण शोधलं आणि चहाच्या गाड्यापर्यंत पोचवलं, तेव्हापासून आठवड्याला एक तरी गिऱ्हाईक विचारतंच. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

रेसिंगचं थोडक्यात, कारण ते ऐकून तुमचे कान किटलेत. १९८१, रिओ, धो धो पाऊस, हा पुढं आणि टीममेट ॲलन जोन्स मागं. पिटवरून, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या थांब्यावरून, टीमनं बोर्ड दाखवला, आधी जोन्सचं नाव मग ह्याचं, म्हणजे त्याला पुढं सोड. करार तसाच होता. ह्यानं सोडलं नाही, जिंकला. वर्षाअखेर लास वेगासला सगळ्यात पुढून सुटला आणि आठवा आला, ४९ ला ५०, एका पॉइंटनं वर्ल्ड टायटल ब्राझीलच्या नेल्सन पिकेकडं गेलं. काकांच्या गॅरेजात रद्दीतून आलेल्या मासिकात हे वाचलं तेव्हा मी शाळेत होतो आणि मला तो बोर्ड न मानणारा माणूस लई आवडला. बस, एवढंच. फोटो तेव्हाचा आहे, राजकारणाच्या आधीचा. (हे मी नेहमी सांगतो आणि ते पूर्ण खरं नाही, पुढं येईल.)

१९९१ मध्ये तो सांता फे प्रांताचा गव्हर्नर झाला. गव्हर्नर म्हणजे आपल्यासारखे राज्यपाल नव्हेत हां, लोकांतून निवडून येतो, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा कारभार हातात असतो. तिथल्या नियमानं लगेच दुसऱ्यांदा उभं राहता यायचं नाही, म्हणून ९५ ला सिनेटर, ९९ ला परत गव्हर्नर, २००३ ला परत सिनेटर, आणि मग २०२१ मध्ये वारला तोपर्यंत सिनेटरच. सिनेटमध्ये फारसं तोंड उघडायचा नाही म्हणे. ते मला पटतं, मुलाखतीतही तो असाच, मोजून चार शब्द.

२००२ मध्ये देशाचं दिवाळं निघालेलं, पक्षवाले राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहा म्हणून मागं लागलेले, आणि हा नाही म्हणाला. काहीतरी दिसलं जे आवडलं नाही, एवढंच बोलला, काय दिसलं ते कधीच सांगितलं नाही. मी तेव्हा मित्रांत मिरवलो होतो, बघा, खुर्ची नको म्हणणारा माणूस! आता वाटतं, अरे, काय दिसलं ते लोकांना सांगायला नको का. पण परत वाटतं, ज्यानं सांगितलं नाही त्याच्या तोंडात आपण कशाला शब्द घालायचे. असो.

आता पूर. २७ एप्रिल २००३ ला त्या निवडणुकीची पहिली फेरी झाली, जिच्यात हा उभा नव्हता, आणि दोनच दिवसांनी, २९ तारखेला, सालादो नदी सांता फे शहरात घुसली. शहराच्या पश्चिमेला बांध होता, पण पुरा झालेला नव्हता. घोड्यांच्या रेसकोर्सजवळ त्याचं टोक उघडंच राहिलेलं आणि पाणी तिथूनच आत आलं. आणि खरी गंमत, गंमत कसली, पुढं आहे. बाकीचा बांध मजबूत होता. त्यामुळं आत आलेलं पाणी बाहेर जाईना, वाटीत भरावं तसं शहर भरत गेलं, शेवटी दक्षिणेकडचा बांध स्फोट करून फोडावा लागला. शहराचा तिसरा हिस्सा पाण्यात, लाखाच्या वर माणसं घराबाहेर, लहान मुलांचं हॉस्पिटल रिकामं करावं लागलं. सरकारी आकडा २३ मेले, पूरग्रस्तांच्या संघटना शंभराच्या वर सांगतात. आणि गव्हर्नर म्हणाला, मला कुणी कळवलंच नाही.

हे वाक्य तिथं अजून लोक विसरलेले नाहीत. गव्हर्नरच्या ऑफिससमोरच्या चौकात पूरग्रस्तांनी काळा तंबू ठोकला होता. आणि त्याच वर्षी त्याच प्रांतानं ह्याला सिनेटवर निवडूनही दिला! त्याच्यावर खटला चाललाच नाही. १६ वर्षांनी दोन अधिकाऱ्यांना तीन-तीन वर्षांची शिक्षा झाली, तीही स्थगित, म्हणजे आत कोणी गेलं नाही.

मला हे सगळं २०१९ च्या आधीच माहीत होतं. पुतण्यानं शोधलं वगैरे ठीक आहे, पण मी २००५ च्या पुरानंतर सायबर कॅफेत बसून वाचलं होतं आणि तरी फोटो ठेवला. तेव्हा म्हणायचो, नदी काय गव्हर्नरला विचारून येते काय? आपल्याकडं पाणी चढलं की कर्नाटकातल्या धरणाच्या नावानं अलमट्टी अलमट्टी करतात, तसंच त्याचं, कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायचं. लई शहाणा होतो मी.

मग २०१९ चा ऑगस्ट. आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी व्हॉट्सॲपवर तासातासाला येत होती, ४५ फुटाला धोका, ५० झाली, पुढं चाललीच. पोलिसांची गाडी भोंग्यावरून सांगून गेली. मी काय केलं, २००५ ला आपल्या गल्लीत पाणी कुठपर्यंत आलेलं ते आठवलं, त्याच्या हातभर वर कॉम्प्रेसर चढवला, माझं वेल्डिंग मशीन घरी नेलं. गिऱ्हाइकांच्या अकरा गाड्या खालीच राहिल्या. ढकलत नेल्या असत्या तरी दोन तासांचं काम. पाणी ५७ फुटांवर गेलं.

ओसरल्यावर शटर वर केलं तर आत गुडघाभर चिखल. एक रिटायर्ड मास्तर आले, त्यांची स्प्लेंडर माझ्याकडं क्लच प्लेटला होती. त्यांच्यासमोरच ड्रेन बोल्ट खोलला तर ऑइलच्या जागी चहाच्या रंगाचं दुधासारखं काहीतरी निघालं, निघतच राहिलं. मास्तर काही बोलले नाहीत. मीच म्हणालो, "सर, आम्हाला कुणी सांगितलंच नाही हो, एवढं येईल म्हणून."

बोलून गेलो आणि मान वर केली तर फोटो. चिखलाची रेघ त्याच्या चार बोटं खाली थांबलेली.

म्हणजे मी त्याला माफ केलं असं समजू नका. अकरा गाड्या आणि एक शहर ह्यात फरक आहे, त्याच्याकडं सरकारी खातं होतं, इंजिनिअर होते, माझ्याकडं एक मोबाईल. पण माझ्या मोबाईलवर आकडा आलेला होता. काढावा तर वाटतं आपलं वाक्य लपवतोय, ठेवावा तर तुम्ही विचारणारच. मास्तरांचं इंजिन मी फुकट बांधून दिलं, ते सांगत सुटलोय असं बायको म्हणते, तेही खरं आहे.

मास्तर अजून सर्व्हिसिंगला येतात. गेल्या महिन्यात फोटोकडं बघून म्हणाले, "हा कोण रे?" मी म्हणालो, "जुना रेसर आहे सर, अर्जेंटिनाचा." पुढचं सांगितलं नाही.