मामांच्या दुनळीचं मूळ गाव

मामांच्या परवान्यावरची जुनी दुनळी रायफल आमच्याकडे ‘साहेबाने दिलेली लंडनची बंदूक’ म्हणून ओळखली जाते. मामांचे आजोबा कारवारकडे जंगल खात्यात होते, तिथून ती सोलापुरात आली, एवढंच घरात ठाऊक. ती नेमकी कुठली, हे शोधायचं मी मनावर घेतलं.

दोन नळ्यांमधल्या पट्टीवर कलकत्त्याच्या आर. बी. रॉडा कंपनीचं नाव कोरलंय. 1914 मध्ये क्रांतिकारकांनी ज्यांची माउझर पिस्तुलं पळवली, तीच ही पेढी. पण अशा पेढ्या विलायतेहून तयार माल मागवून वर आपलं नाव घालत. त्यामुळे पट्टी वाचून भागत नाही, नळ्या उतरवाव्याच लागतात. परवाना मामांच्या नावावर, म्हणून त्यांना बरोबर घेऊनच परवानाधारक कारागिराकडे गेलो.

त्याने पुढचा लाकडी भाग काढला, नळ्या सोडवल्या, फडक्याने तेलकट मळ पुसला. नळ्यांच्या बुडाशी खालच्या सपाट अंगावर टॉर्च आडवा धरला तसे ठसे उठून दिसले: मुकुट, त्याखाली बीव्ही, पुन्हा मुकुट, त्याखाली एनपी. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस, म्हणजे नळ्या दाबाला टिकतात का हे तपासून ठसा मारणारी संस्था! लंडनची कथा तिथेच मिटली. हे ठसे 1904 नंतरचे. शेजारी 75–500 असे आकडे, म्हणजे 75 ग्रेन (वजनाचं एक बारीक माप) कॉर्डाइट, ही धूर न करणारी दारू, आणि 500 ग्रेनची गोळी. हा .470 बोअरचा भार; बोअर म्हणजे नळीचं माप.

या बोअरचा जन्मच हिंदुस्थानामुळे झाला. मार्टिनी-हेन्रीसारख्या .450 बोअरच्या लष्करी बंदुकांना दारूगोळा मिळू नये, या धास्तीने इंग्रज सरकारने इथे .450 वर बंदी घातली. मग विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी .465, .470, .475 असे नवे बोअर काढले; .470 आला 1907 च्या सुमारास. बर्मिंगहॅममध्ये 1921 पासून वर्षाचं सांकेतिक अक्षर मारू लागले. ते आमच्या नळ्यांवर नाही. म्हणून ही बहुधा 1907 ते 1921 मधली, असं माझं मत झालंय. ज्यांच्या घरी अशी बंदूक आहे त्यांना कळकळीने सांगतो, नळ्यांच्या बुडाला पॉलिश लावू देऊ नका. ठसे घासले गेले की पुरावाच गेला.

परवान्याच्या जुन्या नोंदीत मात्र बोअर .450 लिहिलेला निघाला. ठशांचे फोटो जोडून दुरुस्तीचा अर्ज मामांच्या सहीने दिला आहे.