सिझरमध्ये पोट कापताना कळतं का?

"डॉक्टर, कापताना मला कळेल का?" मी भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे सिझरच्या आधी हा प्रश्न ठरलेलाच. शेजारी उभं असलेलं कुणीतरी लगेच म्हणतं, "अगं, काहीसुद्धा कळत नाही." धीर द्यायलाच म्हणतात, पण ते खरं नाही.

दुखत नाही, कळतं मात्र. पाठीतल्या इंजेक्शनने वेदना जाते, हात लागल्याची आणि दाबाची जाणीव थोडीफार उरते. बाळ काढताना पोटाच्या वरच्या भागावर चांगलाच जोर द्यावा लागतो. त्या वेळी छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं, आत ओढाताण जाणवते. आधी सांगितलेलं असेल तर बाई ते निभावते. "काही कळणार नाही" ऐकून आलेली मात्र हादरते, भूल उतरली की काय म्हणून!

भूल चढली का, हे आम्ही अंदाजाने ठरवत नाही. स्पिरिटचा गार बोळा पायांपासून वर लावत जातो. छातीपर्यंत गार लागेनासं झालं, की मगच सर्जनला सुरुवात करू देतो. तरीही दुखलं तर लगेच सांगा. आम्ही तुमच्या डोक्याशीच असतो. आणखी औषध देता येतं, वेळ पडली तर पूर्ण भूलही. बाळंतपणात सोसायचंच असतं, हे कुणी शिकवलं असेल तर ते टेबलावर तरी विसरा.

"मग सरळ झोपवूनच टाका ना!" कधी कधी झोपवावं लागतंही. पण गरोदरपणात घशात सूज असते, श्वासाची नळी घालणं अवघड जातं, पोटातलं फुफ्फुसात जायची भीती असते. शिवाय ते औषध बाळापर्यंत पोचतं. पाठीत जातं ते जेमतेम दोन मिली, त्यातलं बाळाकडे नगण्य जातं.

आणि या इंजेक्शनने जन्मभर कंबर दुखते म्हणतात, ते? सुई टोचतो तिथे मज्जारज्जू नसतो, तो वरच संपलेला असतो. टोचलेली जागा काही दिवस हुळहुळते, एवढंच. पुढची दुखणी बहुतेक नऊ महिन्यांच्या भाराची, सैल झालेल्या सांध्यांची, वाकून पाजण्याची. हे इंजेक्शन कधीच न घेतलेल्या बायकाही कंबर धरून बसतात, पण खापर फोडायला सुई सोयीची.

या इंजेक्शननंतरच्या डोकेदुखीचं मात्र खरं आहे. हल्लीच्या बारीक सुयांमुळे ती कमी झाली, संपलेली नाही. बसलं की वाढणारं आणि आडवं झालं की उतरणारं डोकं अंगावर काढू नका. त्यावर उपाय आहेत. घरी गेल्यावर सुरू झालं तरी आम्हाला कळवा.