पत्रा का टाकला नाही, हे तुम्ही विचारलेत म्हणून

नवी मुंबईत बेलापूरला, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या घरी येणारा प्रत्येक जण परसातल्या अवजारांच्या खोलीकडे पाहून विचारतो, की छपरावर माती आणि गवत कशासाठी, पत्रा टाकला असता तर काय बिघडले असते?

काहीही बिघडले नसते. पत्रा स्वस्त पडला असता आणि एका दिवसात बसलाही असता. मात्र गळतीची जी भीती तुम्ही लगेच पुढे करता, ती मला पटत नाही. जलरोधक थर, मुळांना अडवणारी शीट, निचऱ्याचा थर, गाळणीचे कापड आणि त्यावर माती, ही रचना नीट झाली तर ऊन थेट न लागल्यामुळे जलरोधक थर उलट अधिक टिकतो. भीती वाटायला हवी ती वजनाची. विटांचा चुरा आणि कोकोपीट मिसळून हलकी केलेली दहा सेंटिमीटर मातीसुद्धा जुलैत भिजली, की चौरस मीटरला सव्वाशे किलोच्या आसपास भरते, आणि आमचे छप्पर सहा चौरस मीटरचे आहे.

म्हणून माती चढवण्याआधी छपरावर सरासरी 15 सेंटिमीटर पाणी भरून दोन दिवस ठेवायचे मी ठरवले. 900 लिटर, म्हणजे 900 किलो. सांगाडा जोडणाऱ्या फॅब्रिकेटरने आत पाऊल टाकायला साफ नकार दिला. पाणी भरत आले तेव्हा आमच्या घरातले वडीलधारे अण्णा खुर्ची घेऊन आत गेले आणि छपराखाली बरोबर मधोमध बसले. "इथे रोज रंधा मारत मीच बसणार, तर आजच बसतो," एवढेच ते म्हणाले. मी आधी विनवले, मग कामगारांदेखत त्यांच्यावर ओरडलो, आणि जे ओरडलो ते लिहिण्याजोगे नाही. "तुझा हिशेब बरोबर आहे ना? मग घाबरतोस कशाला?" असे त्यांनी विचारले. त्याचे उत्तर मी तेव्हा दिले नाही आणि आजही मला ते देता येत नाही. सांगाडा तसूभर वाकला नाही. अण्णा मात्र पुढे बरेच दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलले.

खोली थंड राहते आणि पावसाचे पाणी अडते, असे मी पूर्वी ऐटीत सांगत असे. आता जपून सांगतो. मे महिन्यात गवत वाळते, कारण नळाला येणारे मोरबे धरणाचे पिण्याचे पाणी छपरावर शिंपडणे मला प्रशस्त वाटत नाही. आणि जुलैत माती तुडुंब भिजल्यावर पुढची सर ती जवळपास तशीच खाली सोडते. पण पत्र्यावरचा ताशा इथे वाजत नाही आणि अण्णांना भर पावसात रेडिओ ऐकू येतो, हेही खरे आहे. तेवढ्यासाठी इतका खटाटोप करावा का, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळ रुजतात. मुळे शीटपर्यंत पोहोचण्याआधी ती रोपे बोटभर असतानाच उपटावी लागतात. ते काम अण्णांनी स्वतःकडे घेतले आहे, आणि शिडी धरायला ते शेजाऱ्यांना हाक मारतात, मला नाही.