काजूला जाणं अत्यावश्यक आहे काय?

लॉकडाऊनचा विषय निघाला की सगळे दंडुके आणि उठाबशांवर येतात. मला मात्र वेगळंच आठवतं, नाक्यावरच्या साध्या शिपायाला दिवसभरात किती गोष्टी स्वतःच्या डोक्याने ठरवाव्या लागत होत्या ते.

24 मार्च 2020 ला केंद्राची नियमावली आली. रेशन, किराणा, दूध, औषधं चालू, बाकी बंद. (गोव्यात तर पहिले काही दिवस किराणाही मिळत नव्हता, ते कोण विसरेल!) त्या यादीत शेतीची कामं नव्हती, ती सूट 27 तारखेला आली. आणि इकडे गोव्यातल्या डिचोली-सत्तरी तालुक्यांत ऐन काजूचा हंगाम. बोंडू (काजूचं फळ) पडला की तो कोणाच्या परिपत्रकासाठी थांबत नाही, उचलला नाही तर सडतो, मग फेणीची भट्टीही थंड आणि वर्षाची कमाईही गेली. आता सांगा, पाटी घेऊन बागायतीत निघालेल्या बाईला सोडायचं की परत पाठवायचं?

स्थानिक पोलिस असला तर "खंय वता गो मावशे?" (कुठे चाललीस गं मावशी?) एवढंच विचारणार, कारण त्याच्या स्वतःच्या घरी बिया वाळत पडलेल्या असतात. सत्तरीत 2015 पासून माकडतापामुळे (रानातल्या गोचिडींपासून होणारा ताप) आरोग्य खात्याची माणसं काजूच्या दिवसांत गावात फिरतात, त्यांनाही काही समजावावं लागलं नसतं. पण बाहेरून बंदोबस्ताला आलेल्या जवानाला काय दिसणार, हातात कोयता, तोंडाला मास्क नाही, झालं. हुकूम तोच, उत्तरं दोन.

लोक म्हणतात, "तो पोलिस बरा होता हो, सोडायचा." मला हे कौतुक अर्धंच पटतं. कारण मावशीला सोडणारी ती मोकळीकच पंचाच्या (पंचायत सदस्याच्या) भाच्याच्या बुलेटलाही सोडते, आणि ज्याची गावात कोणाशी ओळख नाही असा बाहेरचा बिगारी तेवढा अडकतो. खरी गोम वर आहे. हुकूम मोघम काढला की चुकलं तर खालचा माणूस सापडतो, वरचा नाही. 1897 च्या साथरोग कायद्याचं चौथं कलम चांगल्या हेतूने केलेल्या कामाला संरक्षण देतं खरं, पण ते कोर्टकचेरीपासून, साहेबाच्या मेमोपासून थोडंच!

2021 मध्ये लसीच्या वेळी हेच, फक्त पोलिसाच्या जागी नर्सबाई. कोविशिल्डच्या एका वायलमध्ये 10 डोस, उघडली की 4 तासांत संपवायची. शेवटच्या तासाला सहाच माणसं आली तर उघडायची काय? उघडली तर वाया गेलेल्या डोसांचा हिशोब द्यायचा, नाही उघडली तर सहा जणांना (त्यात एखादी काठी टेकत आलेली आजी) परत पाठवायचं. 13 मे ला दोन डोसांमधलं अंतर किमान 84 दिवस झालं तेव्हा मात्र कोविनने (लसीच्या नोंदणीची सरकारी वेबसाइट) सगळ्यांची मर्जीच काढून घेतली, दिवस भरले नसतील तर कॉम्प्युटर नावच घेईना, मग रडा की भांडा. काही जणांना तेच बरं वाटलं, निदान वशिला नाही. मला नाही वाटलं, कारण बोटीवर रुजू व्हायची तारीख आलेल्या तारवटीची (बोटीवर नोकरी करणाऱ्याची) अडचण स्क्रीनला कशी कळणार? जूनमध्ये अशांसाठी वेगळी सूट काढावीच लागली.

आमच्याकडच्या नर्सबाई सुरुवातीला उरलेल्या डोससाठी ओळखीच्यांना फोन करायच्या, ज्यांचा नंबर त्यांच्याकडे होता त्यांनाच. त्यावरून कुजबूज झाली. मग त्यांनीच हॉलच्या दारावर कोरा कागद चिकटवला, कोणीही नाव-नंबर लिहा, उरलं तर त्याच क्रमाने फोन. पंचमेंबरच्या घरच्यांचं नाव खाली बरंच मागे होतं, त्यांनी येऊन थोडी आदळआपट केली, पण त्या दिवशी डोस चारच उरले होते आणि बाईंनी वरच्या चौघांना बोलावलं.