मधल्या आवाजाची संध्याकाळ
लंडनमध्ये बाँड स्ट्रीट स्थानकाबाहेर पडलं की ऑक्सफर्ड स्ट्रीटची गर्दी अंगावर येते. ती मागे टाकून विगमोर स्ट्रीटला लागलो आणि थोड्याच वेळात विगमोर हॉलच्या दारात पोचलो. बेख्स्टाइन या जर्मन पियानो कंपनीने १९०१ साली आपल्या दालनाशेजारी हे सभागृह उभारलं. महायुद्धात कंपनीची इथली मालमत्ता जप्त झाली आणि १९१७ मध्ये सभागृहाला रस्त्याचं नाव मिळालं. खुर्च्या साडेपाचशेच्या आसपास. मी तिसऱ्या रांगेत होतो; तार छेडण्याआधी वादकाने घेतलेला श्वासही कानावर पडत होता.

संपूर्ण संध्याकाळ व्हायोलाची होती, आणि त्यासाठीच मी आलो होतो. एरवी हे वाद्य व्हायोलिन आणि चेलो यांच्या मध्ये बसून बाकीच्यांना भरीव करत राहतं. त्याच्या तारा व्हायोलिनपेक्षा एका पंचमाने खाली लागतात. त्या हिशेबाने वाद्याची पोकळ लाकडी पेटी व्हायोलिनच्या दीडपट लांब हवी, पण मग ती खांद्यावर पेलणार कशी? म्हणून ती बहुधा ४० ते ४३ सेंटिमीटरांवर थांबते. त्या अपुरेपणातूनच तो किंचित घोगरा, आत ओढून घेणारा आवाज येतो. मला तो व्हायोलिनच्या झळाळीपेक्षा जवळचा वाटतो.

सुरुवात मोत्झार्टच्या जी मायनर पंचकाने, म्हणजे पाच तंतुवाद्यांसाठीच्या रचनेने झाली. १७८७ च्या या रचनेत दोन व्हायोला आहेत, आणि मोत्झार्ट स्वतःही व्हायोला आवडीने वाजवत असे. पहिली ओळ व्हायोलिन म्हणतं. लगेच तीच ओळ व्हायोला खालच्या पट्टीत म्हणतो. दुःख तेच, पण आता ते चारचौघांत सांगण्याचं राहिलेलं नसतं. मग जर्मन संगीतकार ब्राम्स यांची गायिका, व्हायोला आणि पियानो यांच्यासाठीची दोन गाणी झाली. दुसऱ्या गाण्यात व्हायोला जुनं नाताळगीत आधी आळवतो आणि गायिका नंतर येते. सुंदर झालं.

मध्यंतरानंतर इंग्लिश संगीतकार रिबेका क्लार्क यांचा व्हायोला आणि पियानो यांच्यासाठीचा १९१९ चा सोनाटा, म्हणजे अनेक भागांची वाद्यरचना. त्या मूळच्या व्हायोलिनवादक. गुरू चार्ल्स स्टॅनफर्ड यांनी त्यांना व्हायोला घ्यायला सांगितलं, कारण तो वाजवणारा स्वरांच्या ऐन मध्यभागी बसतो आणि रचना कशी घडते ते त्याला आतून कळतं. हा सोनाटा त्यांनी अमेरिकेतल्या एका स्पर्धेला पाठवला. नावं झाकलेली होती. परीक्षकांची मतं त्यांच्यात आणि संगीतकार अर्नेस्ट ब्लॉख यांच्यात समसमान विभागली गेली आणि प्रायोजक एलिझाबेथ कूलिज यांनी निर्णायक मत ब्लॉख यांना दिलं. ही रचना एका बाईची आहे यावर तेव्हा काहींचा विश्वासच बसेना. हे वाचलं तेव्हा राग आला होता. त्या संध्याकाळी ऐकताना तो पुन्हा आला.

पियानोने एक स्वरसमूह धरून ठेवला आणि त्यावर व्हायोलाने मोकळ्या माळावर घालावी तशी हाक घातली. मंद्रातल्या सी तारेवर गज दाबला गेला तेव्हा लाकडी खुर्चीच्या हातावर ठेवलेल्या माझ्या बोटांना कंप जाणवला. मधला भाग चपळ, खेळकर. शेवटचा संथ, पियानोने एकेक स्वर जपून ठेवत उघडला. बऱ्याच वेळाने त्यातूनच ती पहिली हाक परतली. शेजारच्या आजींनी मांडीवरची कार्यक्रमपत्रिका मिटली आणि डोळेही मिटून घेतले.